पाण्यात गेलं ते गेलं?

समुद्रात पोहताना बोटातली अंगठी निसटली, नदीत डुबकी मारून वर येताना गळ्यातली साखळी तुटली, विसर्जनाच्या गडबडीत बाप्पाच्या गळ्यातला हार काढायचा राहून गेला, की आपल्याकडे घटकाभर शोधाशोध होते, डोळ्यांत पाणी येतं आणि मग घरातलं कुणी वडीलधारं माणूस म्हणतं, 'जाऊ दे, पाण्यात गेलं ते गेलं.' या बोलण्यात माया आहे, दुखऱ्या मनाची समजूत आहे. पण त्यामागे एक गृहीतही आहे: पाण्याने ती वस्तू कुठेतरी दूर वाहून नेली असणार. हे गृहीत बहुतेक वेळा चुकीचं असतं. सोनं पाण्यात वाहत नाही, ते पडल्या जागेच्या आसपासच खाली जातं. उथळ पाण्यात पडलेला दागिना धातुशोधक यंत्राने परत मिळवणं हे म्हणूनच नशिबापेक्षा पद्धतीचं काम आहे. आणि त्या पद्धतीत यंत्राचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून कमी आहे. दागिना पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत आपण काय करतो याचा वाटा फार मोठा.

साध्या हिशेबाने हे पटवून घेता येतं. शुद्ध सोनं पाण्याच्या १९.३ पट जड. दागिन्यातलं बावीस कॅरेटचं सोनं, ज्यावर ९१६ चा शिक्का असतो ते, तांबं-चांदीच्या मिश्रणामुळे थोडं हलकं होतं, तरी पावणेअठरा पटींच्या आसपास राहतंच. किनाऱ्यावरची वाळू, मग ती गारगोटीची असो की शिंपल्यांच्या चुऱ्याची, अडीच ते पावणेतीन पटींच्या घरात येते. पाच-सहा ग्रॅमची अंगठी पाण्यात सुटली, की ती सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने तळाकडे जाते. छातीभर पाण्यात तळ गाठायला तिला दीडेक सेकंद पुरतो. तेवढ्या वेळात सेकंदाला अर्धा मीटर वेगाचा, म्हणजे उभ्या माणसाला पाय रोवायला लावणारा प्रवाह असला, तरी ती पाऊण मीटरभरच सरकेल. तळाला टेकल्यावर तर पारडं आणखीच तिच्या बाजूला झुकतं. ज्या पाण्याने वाळूचे कण उचलले जातात, त्याच पाण्यात अंगठी जागची हलत नाही. भोवतालची वाळू धुपते आणि ती त्या खळग्यात उतरत जाते. सराफकट्ट्यावरची माती आणि गटारातला गाळ पाण्यात हलवून त्यातलं सोनं वेगळं काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या याच गुणावर पोट भरत आले आहेत.

खाली जातं म्हणजे किती खाली, हा त्यापुढचा प्रश्न, आणि इथे घाई करण्याला अर्थ आहे. लाटांच्या माऱ्याखाली किनाऱ्याची वाळू सतत सैल होत असते. प्रत्येक लाटेबरोबर जड वस्तू थोडी थोडी रुतत जाते आणि खालच्या घट्ट थरावर, शिंपल्यांच्या थरावर, चिकणमातीवर किंवा खडकावर जाऊन थांबते. त्यात ऋतूंची भर. कोकणातले किनारे पावसाळ्यात झिजतात आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा भरत येतात. डिसेंबरात पडलेली अंगठी मेपर्यंत नव्या वाळूच्या जाड थराखाली जाऊ शकते. उलट पावसाळ्यात मोठ्या लाटांनी वाळू कापून नेली, की वर्षापूर्वीची वस्तू वर उघडी पडू शकते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही पुळणींवर वाळूत काळे पट्टे दिसतात. ते इल्मेनाइटचे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या खनिजाचे. त्याची घनता ४.७ च्या आसपास. लाटा हलकी वाळू उचलून नेतात, जड कण मागे राहतात आणि त्यांचे पट्टे बनतात. त्या किनाऱ्यावर जड गोष्टी कुठे अडकतात हे ते पट्टे सांगतात, म्हणून जाणता शोधणारा यंत्र सुरू करण्याआधी वाळूचा रंग पाहतो. भरती-ओहोटीचं गणितही तो आधी मांडतो. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. भरतीला कमरेएवढ्या पाण्यात पडलेली वस्तू सव्वासहा तासांनी चक्क कोरड्या वाळूत असू शकते, आणि मग पाण्यात शिरण्याची गरजच उरत नाही. गोव्यात हा फरक साधारण निम्मा, भांगाच्या दिवसांत आणखी कमी.

आता यंत्राकडे येऊ. दांड्याच्या टोकाला तारेचं एक वेटोळं असतं, त्यात बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते क्षेत्र धातूवर पडलं, की धातूत छोटे भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र उठतं आणि यंत्र ते ओळखून आवाज देतं. तत्त्व जुनं आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचं उपकरण आणलं होतं. गोळी सापडली नाही. पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांमुळे उपकरण गोंधळलं हे एक कारण. दुसरं असं, की गोळी उजव्या बाजूला आहे अशी डॉक्टरांची खात्री होती आणि बेल यांना शोध घेऊ दिला तो त्याच बाजूला. गोळी डावीकडे होती. पाण्यातल्या शोधांचं अपयशही बहुधा याच दोन प्रकारचं असतं. यंत्र आवाज देतं पण भलत्या धातूमुळे, किंवा यंत्र उत्तम चालतं पण भलत्या जागी. दुसऱ्या प्रकारावर कुठल्याही किमतीच्या यंत्रात इलाज नाही, कारण या यंत्रांची दृष्टी फार आखूड असते. लहान वस्तूच्या बाबतीत वेटोळ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं, की परत येणारा संकेत चौसष्टपटीने क्षीण होतो. म्हणून वीतभर वाळूखालची अंगठी चांगलं यंत्र पकडतं, आणि दोन विती खाली गेलेल्या अंगठीवरून तेच यंत्र मुकाट पुढे जातं. अख्खा समुद्रकिनारा धुंडाळणारं यंत्र अस्तित्वात नाही. दहा-बारा पावलांचं अंगण झाडून काढणारं आहे.

समुद्राच्या पाण्याची स्वतःची एक अडचण आहे. मिठामुळे ते नदीच्या पाण्यापेक्षा साधारण शंभरपट वीजवाहक असतं, म्हणजे जमिनीवरच्या साध्या यंत्राला भोवतालचं सगळं पाणीच थोडंफार धातूसारखं भासतं. यंत्र विनाकारण कुरकुरत राहतं आणि वापरणारा वैतागून त्याची संवेदनशीलता उतरवतो, की अंगठीही ऐकू येईनाशी होते. यावरचा जुना तोडगा म्हणजे पल्स इंडक्शन. यात वेटोळ्यात प्रवाहाचा एक क्षणिक ठोका देतात, तो तोडतात आणि मग 'ऐकतात'. पाण्यात उठलेला प्रवाह काही मायक्रोसेकंदांत विरतो, धातूतला जरा जास्त टिकतो. म्हणून दहा-पंधरा मायक्रोसेकंद थांबून ऐकलं, तर मीठ गप्प झालेलं असतं आणि अंगठी अजून बोलत असते. अमेरिकेतल्या गॅरेट कंपनीचं सी हंटर मार्क टू हे या जातीचं, ६५ मीटर खोलीपर्यंत चालणारं यंत्र. दुसरा तोडगा एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरून मिठाचा संकेत हिशेबाने वजा करण्याचा. ऑस्ट्रेलियातल्या माइनलॅबने २०१८ मध्ये आणलेली इक्विनॉक्स यंत्रं अशी. त्यांतली पहिली मॉडेलं तीन मीटर पाण्यापर्यंत चालतात. नदीत मिठाचा त्रास नाही, पण आपल्याकडे काळ्या दगडाचा आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लोहखनिज असतं, त्यामुळे नदीतला एखादा गोटाही यंत्राला आवाज द्यायला लावतो. त्या तळाशी यंत्र जुळवून घेतल्याशिवाय शोध सुरू करणं म्हणजे वेळ फुकट घालवणं.

आपले दागिने या यंत्राला कसे दिसतात हे पाहण्यासारखं आहे. पाटली, बांगडी, गोठ ही मोठी, बंद वळणं. त्यांच्यात प्रवाहाला गोल फिरायला मोकळी वाट मिळते, म्हणून संकेत खणखणीत. अंगठी त्यांच्याखालोखाल. पण त्याच अंगठीचा डाग सुटून ती एका जागी उघडी पडली असेल, तर वळण तुटतं आणि आवाज एकदम मंद होतो. वजन तेवढंच, सोनं तेवढंच, तरीही. जोडवी बहुधा मागून उघडी, बोटाप्रमाणे आवळता येणारी असतात, त्यामुळे चांदीसारखा उत्तम वीजवाहक धातू असूनही ती बिचकत बोलतात. साखळी सगळ्यात फसवी. दोन तोळ्यांची साखळी म्हणजे यंत्राच्या लेखी दोन तोळे सोनं नव्हेच. कडी कडीला जेमतेम टेकलेली असते, प्रवाह एका कडीतून दुसरीत नीट जात नाही, आणि यंत्राला एकेक चिमुकली कडीच तेवढी दिसते. मिठाला गप्प करण्यासाठी थांबायचा वेळ वाढवला, की या पातळ कड्यांमधला प्रवाहही तोवर विरून जातो. मंगळसूत्राचे काळे मणी काचेचे, त्यांना ओवणारी तार बारीक. तिथे यंत्राचा भरवसा वाट्यांवर. तुटलेलं मंगळसूत्र शोधताना वाटीचा बारीकसा आवाज ऐकण्यासाठी वेटोळं तळाला जवळजवळ घासत, अगदी सावकाश न्यावं लागतं. नथ सर्वांत अवघड: मोती यंत्राला दिसतच नाहीत आणि उरते ती सोन्याची बारीक तार. म्हणूनच शोधणाऱ्याला नुसतं 'सोन्याचा दागिना' एवढं सांगून भागत नाही. कोणता, केवढा, कुठे तुटला असावा, फासा सुटला असेल की कडी, हे त्याला कळलं तर तो यंत्राची मांडणीच वेगळी करील.

यावर पहिली शंका अशी घेतली जाते, की आपल्या घाटांवर आणि चौपाट्यांवर इतका धातूचा कचरा आहे की यंत्र अखंड वाजतच राहील. शंका रास्त आहे. नाशिकच्या रामकुंडासारख्या ठिकाणी तळाशी नाण्यांचा खच असतो. चौपाटीवर बाटल्यांची बुचं, खिळे, सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी. पन्नीचं दुखणं तर आणखी खोल आहे, कारण कमी कॅरेटची नाजूक अंगठी आणि ॲल्युमिनियमचा तुकडा यंत्राच्या पडद्यावर जवळजवळ सारखाच आकडा दाखवतात. कचरा टाळायचा म्हणून तो आकडा गाळला, की त्याच्याबरोबर अंगठीही गाळली जाते. दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी मुलं घाटावर दिसतात. पण चुंबकाला पोलादी नाणी चिकटतात, सोनं-चांदी चिकटत नाही. तरी हा कचरा शोध अशक्य करतो असं नाही, तो शोधाचं क्षेत्र लहान ठेवायला भाग पाडतो. वीस गुणिले वीस मीटरच्या पट्ट्यात प्रत्येक आवाज उकरून पाहणं दिवसभराचं आणि निराशेचं काम आहे. तीन गुणिले तीन मीटरमध्ये ते तासाभराचं आहे. काही ठिकाणी तर यंत्राचा नाद सोडणंच शहाणपणाचं. २०२४ च्या गणेशोत्सवात बंगळूरूमध्ये एका कुटुंबाच्या मूर्तीबरोबर सुमारे चार लाखांची सोनसाखळी विसर्जनाच्या फिरत्या टाकीत गेली, तेव्हा टाकीतलं पाणी काढून, गाळ चाचपून ती मिळवली गेली. बंदिस्त हौदात पाणी उपसून गाळ चाळणं हाच सरळ मार्ग.

क्षेत्र लहान ठेवायचं तर ते ज्याचं हरवलं त्यानेच ठेवायला हवं, आणि तेही लगेच. दागिना नसल्याचं जाणवलं ती जागा आणि दागिना पडला ती जागा या दोन वेगळ्या असतात. पोहणारा माणूस किनाऱ्याला समांतर किती सरकतो हे त्याला कळत नाही, आणि धक्का बसल्यावर आठवण त्याच जागेला घट्ट चिकटते जिथे बोट रिकामं दिसलं. म्हणून आधी थांबावं. पायांनी वाळू ढवळून शोधू नये, त्याने वस्तू आणखी रुतते. किनाऱ्यावर एका दिशेला दोन खुणा, समजा नारळ आणि त्यामागचं छप्पर, एका रेषेत धराव्यात. दुसऱ्या दिशेला आणखी दोन. या दोन रेषा जिथे छेदतात ती आपली जागा, आणि ती भरती-ओहोटीने बदलत नाही. मोबाइलमधलं स्थान टिपून ठेवावंच, पण त्यात काही मीटरांची चूक राहते. वेळही लिहावी, म्हणजे पाण्याची तेव्हाची पातळी नंतर काढता येते. मग शोधणारा दोऱ्या ताणून पट्टे आखतो, प्रत्येक पट्ट्यावर वेटोळ्याचा फेर आधीच्या फेरावर निम्मा चढवत नेतो आणि आवाज आला की लांब दांड्याच्या, भोकं असलेल्या झाऱ्याने वाळू उपसून पाण्यातच चाळतो. खोल पाण्यात तळाशी वजन ठेवून, त्याला बांधलेल्या दोरीच्या टोकाने वाढती वर्तुळं काढत शोधतात. गढूळ नदीत हे सगळं डोळे मिटल्यासारखंच, केवळ कानावर आणि हातावर चालतं, आणि ते प्रशिक्षित पाणबुड्याचंच काम आहे. कातळावर लाटा फुटतात त्या जागी, पुराच्या पाण्यात किंवा पावसाळी समुद्रात शोधासाठी उतरणं मला कुठल्याही दागिन्यासाठी समर्थनीय वाटत नाही. अशा जागी मोठी माणसं 'जाऊ दे' म्हणतात ते अगदी योग्य म्हणतात.

खर्चाचा मुद्दा दुसरा. अंगठी हरवली म्हणून कुणी यंत्र विकत घेणार नाही, हे उघड आहे. पण २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं, तेव्हा एका गर्दीच्या किनाऱ्यावर एका संचाचा खर्च भरून निघायला फार दागिने सापडावे लागणार नाहीत. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून सुरू झालेल्या 'द रिंग फाइंडर्स' या जाळ्यात अनेक देशांतले यंत्रधारक जोडले गेले आहेत. वस्तू हरवलेल्या माणसाने बोलवायचं, सापडल्यास बरेचदा खुशीने बक्षीस द्यायचं. आपल्याकडे याहून सोपी सोय होऊ शकते. चौपाटीवर जीवरक्षक आधीपासून असतात, त्यांना पाण्याची ओढ आणि खळगे माहीत असतात. त्यांच्या ठाण्यावर एक यंत्र, एक झारा, दोऱ्या आणि नोंदवही ठेवली, ओहोटीच्या वेळी काम करू शकणारा एखादा प्रशिक्षित माणूस नेमला, तर ही सेवा उभी राहील. विसर्जनाच्या दिवसांत आणि यात्रांच्या काळात घाटांवरही. जीव वाचवण्याच्या कामातून मात्र कुणालाही यासाठी हलवता कामा नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ही यंत्रं हातोहाती झाली तर ऐतिहासिक ठेव्याची लूट होईल. गोव्याजवळच्या सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. तिथे तोफांबरोबर हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दातही मिळाले. अशा जागी कुणी हौशी माणसाने एक वस्तू उचलली, तरी ती कशाशेजारी आणि कुठल्या थरात होती ही माहिती कायमची पुसली जाते. म्हणून किल्ल्यांच्या भोवतालचं पाणी आणि जहाजांचे अवशेष या सेवेच्या कक्षेबाहेरच हवेत. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाचं पुरलेलं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायला सांगतो, आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेषांचं संरक्षण दिलं आहे. काल संध्याकाळी हरवलेल्या अंगठीचा शोध आणि धनाच्या आशेने केलेली उकराउकर यांत फरक करणं कठीण नाही: पहिल्यात मालक, जागा आणि वस्तू आधीच माहीत असतात. नोंदवहीत तक्रार असेल तरच यंत्र बाहेर निघेल, एवढा एक नियम हा फरक सांभाळायला पुष्कळ आहे. नदीला वाहिलेलं परत काढू नये, असं म्हणणाऱ्यांशीही माझा वाद नाही. श्रद्धेने सोडलेलं नाणं तिथेच राहू द्यावं. मूर्तीवरचे सोन्याचे दागिने मात्र विसर्जनाआधी उतरवून घेण्याचीच रीत आहे. गडबडीत राहून गेलेला हार कुणी अर्पण केलेला नसतो.

उरतो प्रश्न सापडलेल्या दागिन्याचा, आणि 'सापडलं त्याचं' असं मानणारे थोडे नाहीत. कायदा तसं मानत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०३ खाली जी उदाहरणं दिली होती, त्यांतलं एक थेट अंगठीचं आहे: मौल्यवान अंगठी सापडली, मालक माहीत नाही, आणि मालक शोधण्याचा प्रयत्न न करता ती लगेच विकली, तर तो गुन्हा. आता हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे. दुसरीकडे करार कायद्याचं कलम ७१ सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकतं आणि कलम १६८ त्याचे कष्टही विसरत नाही: झालेला खर्च आणि श्रम यांची भरपाई मिळेपर्यंत तो वस्तू स्वतःकडे ठेवू शकतो, आणि मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी दावाही लावू शकतो. मालक ओळखणं पूर्वी अवघड होतं, आता तितकं राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावाच लागतो. बीआयएस केअर ॲपवर तो घातला, की दागिना कोणत्या नोंदणीकृत सराफाने हॉलमार्क करून घेतला, तो कोणता आणि किती शुद्धतेचा, हे समजतं. ॲपवर खरेदीदाराचं नाव नसतं, पण सराफापर्यंत पोचलं की त्याच्या बिलवहीतून पुढचा माग निघू शकतो. आजीच्या काळातल्या, शिक्क्याविना घडवलेल्या पाटल्या-बिलवरांना ही सोय नाही. त्यांच्यासाठी नोंदवहीत घडणीचं वर्णन, वजन आणि अंगावर दागिना स्पष्ट दिसणारा एखादा फोटो एवढ्यावरच ओळख पटवावी लागेल.